दोष वायफायचा नव्हता

आमच्या लालबागच्या चाळीत गेली सात वर्षं एक गोष्ट खरी म्हणून चालत आली आहे. माझी मुलगी नवऱ्यापासून लपून राहत होती आणि तिचा ठावठिकाणा त्याला तळमजल्यावरच्या वहिनींच्या वायफायवरून लागला, अशी ती गोष्ट. नव्याने राहायला आलेल्या भाडेकरूंनाही ती ठाऊक आहे. पासवर्डचा विषय निघाला की कोणीतरी म्हणतंच, "कोणाला देऊ नका रे, त्या पोरीचं काय झालं माहितेय ना." माझी मुलगीही तेच धरून बसली होती.

ती गोष्ट खोटी आहे, आणि ती मी बनवली. जे झालं ते माझ्या फोनच्या जीपीएसमुळे झालं. ते मी विसरून चालू ठेवलं नव्हतं. म्हातारा माणूस, त्याला काय कळतंय त्यातलं, असं उद्या कोणी म्हणेल म्हणून आधीच लिहितो. मला सगळं कळत होतं. मी समजून उमजून ते चालू केलं.

मात्र सुरुवात फोनपासून करून चालणार नाही.

मी मिलमध्ये साच्यावर, म्हणजे मागावर, काम केलं. मिल बंद पडली, हाताला काम राहिलं नाही आणि मग माझा हात बायकोवर सुटला, असं मी पुष्कळांना सांगितलं आहे. ऐकणाऱ्याला ते पटतं. पण तेही खरं नाही. मिल तिन्ही पाळ्यांत धडधडत होती, पगार वेळेवर हातात पडत होता, तेव्हापासून मी तिला मारत होतो. कारणं सांगत बसत नाही. आमटी पातळ झाली, दार उघडायला उशीर झाला, माझ्या आईला उलट बोलली, असलीच कारणं.

एकदा मी धोटा फेकून मारला. धोटा म्हणजे साच्यात उभ्या सुतांमधून आडवा पळणारा लाकडी तुकडा, दोन्ही टोकांना पोलादी टोपी. एक झिजलेला धोटा मी मिलमधून घरी आणून फळीवर ठेवला होता. तो तिच्या भुवईवर बसला. रक्त भाताच्या ताटात पडलं. तिने आधी ताट उचललं, मग जमीन पुसली, आणि मग भुवईवर हळद दाबून धरली. आमची मुलगी तेव्हा सहा वर्षांची होती. ती खाटेखाली बसली होती आणि माझ्या पायांकडे बघत होती. बायकोच्या त्या भुवईवर एका जागी पुन्हा कधी केस आले नाहीत. तिला तिरडीवर ठेवलं तेव्हाही ती जागा मोकळीच होती.

आमच्याकडे मार सुरू झाला की चाळीत दोन गोष्टी व्हायच्या. आमच्या मजल्यावरची दारं एकामागोमाग एक लागायची, आणि खालून थाळी वाजायला लागायची. थाळी वाजवणाऱ्या त्या वहिनी. चौकात येऊन उभ्या राहायच्या, हातात पितळेची थाळी आणि लाटणं. तोंडातून शब्द नाही. मी थांबेपर्यंत वाजवत राहायच्या. मग रस्त्यावरची माणसं फाटकात जमायची, वर बघायची. एकदा मी कठड्यावरून ओरडलो, "वहिनी, तमाशा लावलाय काय?"

त्या खालून म्हणाल्या, "तुम्ही मारा भावजी, मी वाजवते. बघू कोण आधी दमतं."

चाळ हसली. ते हसणं मी विसरलो नाही. वहिनींना मी तेव्हापासून मनात धरून होतो, हे इथे लिहायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे.

आणखीही एक गोष्ट आहे. वहिनी बौद्ध घरातल्या. आम्ही मालवणकडचे मराठे. माझ्या आईने त्यांच्या हातचं पाणी कधी घेतलं नाही. बायको मात्र दुपारी त्यांच्याकडे जाऊन जेवायची, सुकटीची चटणी नि भाकरी. मला कळलं त्या दिवशीही मी तिला मारलं, आणि त्या दिवशीही थाळी वाजली.

मुलीचं लग्न आम्ही थाटात लावलं. जावई इंटरनेटची जोडणी करण्याच्या कामात, चाळी-बिल्डिंगींत वायर टाकायचा, डबे बसवायचा. बोलायला गोड. चाळीत आला की म्हाताऱ्यांच्या पाया पडायचा. वहिनींच्या घरचं वायफायही त्यानेच बसवून दिलं, कारण त्यांचा मुलगा वडाळ्याला राहायला गेला होता आणि त्यांना नातवंडांची तोंडं बघायची असायची. डबा भिंतीवर ठोकताना तो मला म्हणाला होता, "बाबा, या एरियातलं अर्धं इंटरनेट माझ्या हातातनं जातं. माझ्यापासून काय लपत नाय." आम्ही कौतुकाने हसलो होतो.

लग्नाला वर्ष व्हायच्या आत मुलगी पहिल्यांदा माहेरी आली ती गाल सुजवून. बायको तेव्हा जिवंत होती. तिने मुलीला बघितलं, मग माझ्याकडे बघितलं, आणि ओट्यापाशी गेली. चार दिवसांनी जावई न्यायला आला. आमच्यात मुलगी सासरी परत पाठवायची तर तिची ओटी भरून पाठवतात, नारळ, खण, तांदूळ. बायकोने ओटी भरली. ओटीत तांदूळ घालताना तिने मुलीच्या सुजलेल्या गालाला हात लावला. मी ते बघितलं आणि दुसरीकडे पाहिलं.

दुसऱ्यांदा मुलगी आली तोवर बायको गेली होती. या वेळी मार पाठीवर होता, वायरचा. जावई आठ दिवसांनी आला, माझ्या पाया पडला, चूक झाली म्हणाला. घरात बाईमाणूस नाही, म्हणून मी खाली गेलो आणि वहिनींना म्हटलं, "पोरीची ओटी भरायला या."

वहिनी निवडत होत्या त्या तांदळाचं सूप बाजूला ठेवून म्हणाल्या, "तिची पाठ बघितलीत?"

"त्यांचं त्यांच्यात मिटलंय."

"मी विचारलं, पाठ बघितलीत का."

"बापाने बघायची असते का पाठ?"

"मग मी बघितली. भावजी, मी हिची ओटी भरणार नाही. तुमच्या बायकोने भरली आणि झुरून मेली. मला त्यात धरू नका."

मी शेजारच्या दुसऱ्या बाईला बोलावलं. ओटी भरली गेली, मुलगी गेली. जाताना तिने माझ्या पाया पडायचं टाळलं नाही.

तिसऱ्यांदा ती माझ्याकडे आलीच नाही. एका दुपारी तिने सासरचं घर सोडलं आणि वरळी कोळीवाड्यात शाळेतल्या मैत्रिणीकडे गेली. मैत्रीण कोळ्यांची, घरात ती आणि तिची म्हातारी आई. कोणाला पत्ता सांगितला नाही. दहा दिवसांनी वहिनींच्या फोनवर तिचा फोन आला. वहिनींनी मला खाली बोलावून फोन हातात दिला आणि स्वतः बाहेर जाऊन उभ्या राहिल्या.

आता फोनबद्दल. माझा स्मार्टफोन जावयाने दिलेला. सिम त्याच्या नावावर, रिचार्ज तोच करायचा. देतानाच त्याने नकाशाच्या ॲपमध्ये काहीतरी करून ठेवलं होतं. मला म्हणाला होता, "बाबा, हे लोकेशन चालू ठेवायचं. कुठं चक्कर येऊन पडलात तर मला नकाशावर दिसाल." मला बरं वाटलं होतं. मुलगा नाही, पण जावयाला आपण कुठे पडतो याची काळजी आहे.

मुलीने त्या दिवशी फोनवर मला शिकवलं. ती म्हणाली, "बाबा, वरून बोट खाली ओढा. पंख्यासारखं चिन्ह दिसतं ते वायफाय. उलट्या थेंबासारखं आहे ते लोकेशन, म्हणजे जीपीएस. दिसलं?"

"दिसलं."

"थेंब कायमचा बंद ठेवायचा. तो चालू असला की तुम्ही कुठे आहात ते त्याला दिसतं. तुम्ही माझ्याकडे आलात की मी कुठे आहे तेही दिसेल."

"आणि पंखा?"

"पंखा चालू ठेवा. खालच्या काकींचा पासवर्ड घ्या. त्यावरून मी व्हिडिओ कॉल करीन. साधा फोन करू नका, सिम त्याचं आहे, कोणाला फोन केला ते तो काढू शकतो."

मी म्हटलं, "दोन्ही चालू ठेवले तर?"

ती म्हणाली, "दोन्ही ठेवले तर बॅटरी दुपारपर्यंत संपेल. तुमची बॅटरी जुनी आहे." मग हळू म्हणाली, "आणि मी पण संपेन बाबा. एकच ठेवा."

याहून साफ कोणी कसं सांगणार? एक चिन्ह चालू केलं की मुलगी दिसते, ऐकू येते. दुसरं चालू केलं की तिच्या नवऱ्याला रस्ता दिसतो. लहान मुलालाही कळेल. मला कळलं होतं. म्हणून पहिल्या तीन खेपांना मी कोळीवाड्यात गेलो तेव्हा थेंब बंद होता. मी दोनदोनदा बघून घ्यायचो.

वहिनींच्या वायफायची रेंज जिन्याच्या चौथ्या पायरीपर्यंत यायची. मी संध्याकाळी तिथे बसायचो आणि मुलगी फोनवर दिसायची. दातांच्या दवाखान्यात मदतनीस म्हणून लागली होती. तिच्या मागे काठ्यांवर टांगलेले बोंबील दिसायचे. ती हसायची. लग्नानंतर तिला हसताना मी पहिल्यांदा बघत होतो, आणि मला त्याचा राग यायचा. खरं लिहायचं तर हेच आहे. माझी बायको तीस वर्षं मार खाऊन घरात राहिली. ही दोन वर्षांत उठून गेली आणि हसते आहे. ही बरोबर असेल तर मग मी कोण, हा प्रश्न मी त्या पायरीवर बसून स्वतःला विचारला नाही. नुसता राग धरला.

चाळीतही कुजबुज होती. मंडळाच्या बैठकीत एकजण म्हणाला, "काका, जावई एकटाच फिरताना दिसतो. पोरगी नांदत नाय काय?" मी म्हटलं, बाळंतपणाला गेली आहे मैत्रिणीच्या. काय बोलतोय तेही मला कळत नव्हतं.

मग जावई आला. हातात सुरमई, पिशवीतून शेपूट बाहेर आलेली. माझ्यासमोर जमिनीवर बसला आणि रडला. एकदा तोंड दाखवू दे म्हणाला, माफी मागतो, घेऊन जातो, हात लावणार नाही. पत्ता विचारला नाही. मला वाटत होतं विचारेल. मग मी नाही म्हणालो असतो, असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगितलं.

उठताना चपला घालत म्हणाला, "बाबा, तुमचं लोकेशन हल्ली बंद असतं."

मी म्हटलं, "बॅटरी उतरते."

"काळजी वाटते. चालू ठेवत जा."

"बघतो."

"उद्या कुठं जाणार असलात तर नक्की ठेवा," तो म्हणाला आणि गेला.

एवढंच. दोघांनाही कळलं होतं काय ठरलं ते. मी सुरमईचे तुकडे केले, तळले आणि खाल्ले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी जिना उतरत होतो तेव्हा वहिनी दाराला कुलूप लावत होत्या. म्हणाल्या, "वडाळ्याला जाते, नातवाला ताप आहे. मेन स्विच काढलाय भावजी. वायफाय नाही मिळणार आज. पोरीचा फोन येणार असेल तर तिला कळवायचं कसं?"

मी म्हटलं, "मीच चाललोय तिच्याकडे."

"मग ते बंद आहे ना, बघा." त्यांनी माझ्या खिशाकडे बोट केलं.

मी फोन काढून त्यांना दाखवला. बंद होतं.

बसने वरळीला उतरलो. कोळीवाड्यात शिरलो. मासळीच्या टोपल्या, जाळी शिवणारे दोघंतिघं, इतकी चिंचोळी गल्ली की समोरून माणूस आलं तर अंग चोरावं लागतं. मैत्रिणीच्या घराच्या अलीकडे एक पाण्याचा नळ आहे. तिथे थांबलो. वरून बोट खाली ओढलं. पंखा राखाडी, थेंब राखाडी. बॅटरी अर्धी होती. मी थेंबावर बोट ठेवलं. तो निळा झाला. मग पुढे जाऊन दार वाजवलं.

मला वाटत होतं की नवरा-बायको समोरासमोर आली की मिटतं. मला वाटत होतं मी मध्ये बसेन, चार शब्द सांगेन, बापाचा मान राहील. मैत्रिणीच्या आईकडून ओटी भरून घ्यावी इथपर्यंत मी ठरवलं होतं. पिशवीत नारळ होता. हे मी आजवर कोणाला सांगितलं नव्हतं. मी नारळ घेऊन गेलो होतो.

मुलीने चहा केला. केस धुतलेले होते, ओले, पाठीवर सोडलेले. दवाखान्यातल्या डॉक्टरबाई चांगल्या आहेत म्हणाली. पुढे काही कोर्स करायचा म्हणाली. मी फोन मांडीवर ठेवून बसलो होतो. ती म्हणाली, "कुठे जायचंय का बाबा? सारखं घड्याळ बघताय."

"नाही गं."

"मग जेवूनच जा. भात टाकते."

तांदूळ धुवायला ती वाकली होती तेव्हा दार लाथेने उघडलं.

तो माफी मागायला आला नव्हता. हातात हेल्मेट होतं, पट्ट्यात बोटं घालून धरलेलं. पहिला घाव तिच्या कानावर. तांदळाचं पातेलं उडालं, पाणी आणि तांदूळ माझ्या पायांवर. ती भिंतीशी गेली, त्याने ओल्या केसांना धरून तिला परत ओढलं आणि दुसरा मारला. तिने डोकं वाचवायला हात वर केला, तिसरा त्या हातावर. मनगट मोडल्याचा आवाज मी ऐकला. सुकं लाकूड मोडतं तसा. ती ओरडत नव्हती. तिच्या आईसारखी.

मी बाकावर बसलो होतो तिथून उठलो. हात पुढे केला. आणि म्हणालो, "तोंडावर नका मारू."

जावयाला मी कधी अरेतुरे केलं नव्हतं. तेव्हाही केलं नाही.

मला माझ्या बापाने हेच सांगितलं होतं, माझं लग्न नवं असताना. तोंडावर मारू नये, लोकांना दिसतं. मला अडवायचं होतं, की कुठे मारावं ते सांगायचं होतं, हे मी आजही खात्रीने लिहू शकत नाही. तोंडातून जे वाक्य निघालं ते हेच.

तो थांबला नाही. त्याने लाथेने तिला पाडलं, बरगडीवर दोनदा बूट मारला. हेल्मेट पुन्हा वर गेलं आणि तेव्हा मैत्रिणीची आई मागच्या दाराने आत आली. सत्तरीची बाई. बोंबील टांगायची बांबूची काठी तिच्या हातात होती. तिने ती त्याच्या मानेवर उतरवली, मग खांद्यावर, मग तो वळला तेव्हा गुडघ्यावर. ती शिव्या देत होती आणि एकेका शिवीला एक काठी घालत होती. शेजारच्या बायका आल्या. एकीच्या हातात मासळी कापायचा कोयता होता, तो तिने उलटा धरला होता, पण धरला होता. त्याला त्यांनी गल्लीत खेचला आणि पोलीस येईस्तोवर तिथे तुडवला. मी दारात उभा होतो. एका बाईने मला बाजूला ढकललं आणि म्हणाली, "सर रे म्हाताऱ्या, मुडद्यासारखा काय उभा."

मुलगी जमिनीवर तांदळात पडली होती. कानातून रक्त येत होतं. मी खाली बसून तिचं डोकं मांडीवर घेतलं. शुद्ध हरपताना तिने मला तसं बघितलं. म्हणून ती पुढे सगळ्यांना सांगत राहिली, बाबा मध्ये पडले म्हणून मी वाचले. "तोंडावर नका मारू" हे तिने ऐकलं होतं. तिला ती विनवणी वाटली.

हॉस्पिटलात तिसऱ्या दिवशी तिने मला विचारलं. डावा कान बांधलेला, हात प्लास्टरमध्ये. तो कान पुन्हा कामाचा झालाच नाही. ती म्हणाली, "बाबा, ते बंद होतं ना? थेंब?"

मी म्हटलं, "बंदच होतं."

"मग त्याला कळलं कसं?"

खिडकीजवळच्या खाटेवरची बाई खोकत होती. तेवढा वेळ मला मिळाला. मी म्हटलं, "वायफाय चालू होतं. वहिनींचं. त्यानेच बसवलंय ना ते."

झालं. त्याचं "माझ्यापासून काय लपत नाय" तिला आठवलं. तिने डोळे मिटले आणि म्हणाली, "काकींनी मला सांगायला हवं होतं." वहिनींनी काय सांगायला हवं होतं ते तिलाही ठाऊक नसेल. पण दोष ठेवायला जागा मिळाली. नवऱ्यावरची केस उभी राहिली तेव्हाही जीपीएसचं कोणी मला विचारलं नाही. मारलेलं सगळ्या गल्लीने बघितलं होतं, कसा आला याला कोण विचारतो. आणि नकाशातली ती जोडणी मी हॉस्पिटलच्या बाकावर बसूनच काढून टाकली होती. ती मला काढता येत नाही असं मी मुलीला कधीतरी सांगितलं होतं.

महिन्याने मुलगी चाळीत आली. गळ्यात अडकवलेला हात, कानाला पट्टी. चौकात उभी राहून वहिनींच्या दाराकडे बघून ओरडली. माझी आई तुमच्याकडे जेवली आणि तुम्ही मला विकलं, असं म्हणाली. वहिनी दारात आल्या. म्हणाल्या, "बाळा, त्या दिवशी माझं लाइटचं मेन बंद होतं. मी वडाळ्याला होते." कोणी ऐकलं नाही. आमच्या मजल्यावरचे दोघं खाली गेले, त्यांच्या घरात शिरले आणि भिंतीवरचा तो डबा फळकुटाने फोडला. मग फडताळ उलटवलं. भांडी चौकात आली, त्यात ती थाळी होती. एकजण जातीवरून बोलला. जे बोलला ते मी लिहीत नाही. असल्या बाईवर आळ पटकन बसतो, हे मला ठाऊक होतं. हॉस्पिटलात त्यांचं नाव माझ्या तोंडात त्यामुळेच आलं, असं आता वाटतं.

वहिनींनी मान वर करून माझ्या कठड्याकडे बघितलं. मी एक वाक्य बोललो असतो तर पुरे होतं. मी आत गेलो आणि दार लावलं. माझी बायको मार खायची तेव्हा आमच्या मजल्यावरची दारं अशीच लागायची.

आठवड्याने त्या खोली बंद करून मुलाकडे वडाळ्याला गेल्या.

नंतरची सात वर्षं मुलगी दर रविवारी माझ्याकडे येत होती. आता दादरला राहते, घटस्फोट झाला, दवाखान्यातच मोठ्या जागेवर आहे. ती माझी औषधं आठवड्याच्या डबीत लावून द्यायची. माझ्या डाव्या बाजूला बसायची, म्हणजे तिचा चांगला कान माझ्याकडे येईल. मी काहीतरी बोलावं म्हणून. दर रविवारी मी ते बघत होतो.

गेल्या पावसाळ्यानंतर मी वडाळ्याला गेलो. वहिनी थकल्या आहेत, डोळ्याला कमी दिसतं. मी खरं काय झालं ते सगळं सांगितलं, त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "मला काय सांगता? मला त्याच दिवशी कळलं होतं. कुलूप लावताना तुम्ही होतात की तिथे. वायफाय बंद, मग उरलं काय?"

"मग बोलला का नाहीत?"

"बोलले की, मेन बंद होतं म्हणून. पुढचं तुम्ही बोलायचं होतं. पोरगी मोडक्या हाताने उभी होती. नवऱ्याने मारलं एवढं तरी तिला कळत होतं. त्यावर मी काय सांगणार, की बापानेच आणलं? तेवढं तिला झेपलं नसतं, भावजी. आता झेपेल."

मी म्हटलं, "ती यायची बंद होईल."

"होईल," त्या म्हणाल्या. "माझ्याकडे सात वर्षं नाही आली. मी जगले ना."

त्यानंतरही मी चार महिने घालवले. हे लिहायला घेतलं, इथवर आणलं, आणि एका रविवारी मुलीला वाचून दाखवलं. ती माझ्या डाव्या बाजूला बसली होती. नारळाच्या जागी आलो तेव्हा तिने मान खाली घातली. वाचून झाल्यावर तिने एकच विचारलं.

"दार वाजवायच्या आधी चालू केलंत, की आत आल्यावर?"

"आधी. नळापाशी."

"म्हणजे मी चहा केला तेव्हा तो निघाला होता."

"हो."

तिने माझी औषधांची डबी भरून दिली, सात दिवसांची. ओट्यावरची भांडी घासली. मग पर्स घेऊन गेली. त्यानंतरचे पाच रविवार ती आलेली नाही. डबी मी स्वतः भरतो.

आमच्या जिन्याखाली मंडळाचा काळा फळा आहे. वर्गणी, सभा, पाणी कधी येणार, असं त्यावर खडूने लिहितात. मुलीला वाचून दाखवलं त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यावर लिहिलं, तळमजल्यावरच्या वहिनींचा आणि त्यांच्या वायफायचा काही दोष नव्हता, जावयाला मी माझ्या फोनच्या जीपीएसवरून बोलावलं. दुपारपर्यंत कोणीतरी पुसलं होतं. मी पुन्हा लिहिलं. संध्याकाळी मंडळाचा एकजण वर आला. सात वर्षांपूर्वी फळकूट ज्याच्या हातात होतं तोच.

"काका, घरातलं घरात ठेवा ना. या वयात कशाला?"

मी म्हटलं, "वहिनींची भांडी चौकात आली तेव्हा घरातलं घरात राहिलं होतं का?"

तो गेला. फळा परत पुसला गेला नाही.

काल वहिनींचा फोन आला. म्हणाल्या, "पोरगी आली होती."

मी विचारलं, "काय म्हणाली?"

"काही नाही. दारात उभी राहिली, मग आत आली. सुकटीची चटणी केली होती, जेवली. पोट भरून जेवली."

"माझं काही?"

"तुमचं नाव तिने काढलं नाही," त्या म्हणाल्या. "मीही काढलं नाही."